इंच गेला, पाट आला

वाचकांचे प्रश्न, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका निवृत्त पॅटर्नवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात डीबीएच्या तिसऱ्या आवृत्तीवर दोन पानं लिहिली आणि पोस्टमनला काम लावून बसलो. सगळ्या पत्रांना इथं जागा नाही, तेव्हा सात घेतलीत. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. डीबीए म्हणजे 'डे बेलिस अँटिक्विटाटिस', लॅटिन नावाचा इंग्रज खेळ. फिल बार्कर आणि मंडळींनी तो १९९० मध्ये काढला. इसवी सनापूर्वी ३००० पासून इसवी सन १५०० पर्यंतची सैन्यं यात टेबलावर उतरतात. दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या. तुकडी म्हणजे लाकडाच्या चपट्या तुकड्यावर चिकटवलेले दोन, तीन किंवा चार शिपाई. आमच्या घरात त्याला पहिल्या दिवसापासून 'पाट' म्हणतात, कारण ते जेवायला बसल्यासारखे ओळीनं बसतात. आपली पाळी आली की फासा टाकायचा; जितका आकडा तितके हुकूम. दोन पाट भिडले की प्रत्येकाचा ठरलेला गुण अधिक फासा, बेरीज ज्याची जास्त तो वरचढ. चार पाट गमावले आणि समोरच्यापेक्षा जास्त गमावले की हरलात. तासाभरात निकाल.

'नवी' आवृत्ती म्हणतो खरा, पण ती २०१४ची. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमच्या गावाच्या पाटीचीही नवी आवृत्ती निघाली, बेळगावचं बेळगावी झालं. ती अजून आमच्या जिभेवर बसायचीय, तर ही कुठली बसणार.

निपाणीहून, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ: तुम्ही लिहिलंत की भालेकऱ्यांच्या पाटामागे भालेकऱ्यांचाच दुसरा पाट लावला की एक गुण जास्त मिळतो. तीन रविवार तसंच लावतोय आणि तीन रविवार धाकट्याकडून मार खातोय. आता तो म्हणतो, नव्या पुस्तकात असं काही नाहीच. चूक कुणाची?

माझी. धाकट्याला माझ्यातर्फे काहीतरी गोड द्या. मी लिहिलं ते २००४ सालच्या २.२ आवृत्तीचं. इतकी वर्षं ते हाताला लागलेलं, लिहिताना पुस्तक उघडलंच नाही. तिसऱ्या आवृत्तीत भालेकऱ्यांचा आधार पाठीमागून काढून बाजूला आणला आहे. शेजारी, पुढच्या कोपऱ्याला कोपरा लावून, भालेकऱ्यांचा किंवा भक्कम, म्हणजे चार माणसांच्या, तलवारवाल्यांचा पाट असेल तर तो एक गुण. मागे कितीही रांगा लावा, भालेकऱ्याला काही मिळत नाही. म्हणजे तुम्ही सहा पाटांची रुंदी तीनवर आणलीत, दोन्ही बगला उघड्या टाकल्यात आणि बदल्यात शून्य घेतलंत. पोरगं हुशार, तुम्हाला वळसा घालून आलं असणार.

हा बदल मला सुरुवातीला खटकला होता. मग ग्रीक भालेकऱ्यांचा विचार केला. गोल ढाल डाव्या हातात. तिचा अर्धा भाग स्वतःपुढे, उरलेला डावीकडच्या शेजाऱ्यापुढे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझनं इसवी सनापूर्वी ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईचं वर्णन करताना हेच लिहिलंय: प्रत्येक जण उजवीकडच्या माणसाच्या ढालीआड सरकू बघतो आणि सगळी फौजच चालता चालता उजवीकडे कलते. ज्याचा जीव शेजाऱ्याच्या ढालीवर, त्याला आधार शेजारूनच मिळणार. बार्करसाहेबांचं बरोबर आहे, उशिरा का होईना.

मात्र लांब भाल्यावाल्यांचं, इंग्रजीतल्या 'पाइक'चं, तसं नाही. (हा आपला विठ्ठलाचा पाईक नव्हे. एका वाचकानं तसं समजून सगळे वारकरी रंगवून ठेवलेत. रंगकाम मात्र झकास.) मॅसेडोनियन सरिसा, म्हणजे तो लांब भाला, पाच-सहा मीटरची; ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की पहिल्या पाच रांगांची टोकं फळीच्या पुढे निघत. तिथं खोलीला अर्थ आहे, म्हणून त्यांचा मागच्या पाटाचा आधार नव्या पुस्तकातही शाबूत आहे.

खानापूर तालुक्यातले एक शिक्षक: शाळेतल्या मुलांसाठी आठ वर्षांपूर्वी दोन सैन्यं केली, जुन्या नियमांप्रमाणे. एक सिकंदराचं, एक पोरसाचं. नवीन आवृत्ती आली म्हणजे पाट उचकटून परत करायचे का? फेविकॉल नाही, ॲरल्डाइट लावलंय.

ॲरल्डाइट लावलंय ना, मग हात लावू नका. पंधरा मिलिमीटरच्या बाहुल्यांना पाटाची रुंदी तेव्हाही ४० मिमी होती, आताही ४० च. मोठ्या बाहुल्यांना ६०. बदललीय ती मोजपट्टी. आणि गुरुजी, माझ्या मते या आवृत्तीत बाकी काही नसतं आणि एवढंच असतं तरी ती घेण्यासारखी होती.

पूर्वी अंतरं 'पावलां'त असत आणि शंभर पावलं म्हणजे एक इंच, २५ मिमी. साधं भारी पायदळ २०० पावलं चालायचं, म्हणजे ५० मिमी. धनुष्याचा पल्लाही २०० पावलं, तेवढाच. आता सगळं पाटाच्या रुंदीत. भारी पायदळ दोन पाट, म्हणजे ८० मिमी. तिरंदाजाचा पल्ला तीन पाट, म्हणजे १२० मिमी. ६०० मिमीचं टेबल जुन्या पायदळाला ओलांडायला बारा चाली लागायच्या, आता आठव्या चालीत पलीकडे. पोरांचा तास संपायच्या आत लढाई भिडते हा फायदा तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

तुमच्या पोरसाचं नशीब याच ठिकाणी उघडतं. पल्ला ५० चा १२० झाला म्हणून तिरंदाज अडीचपट झाला असं समजू नका. समोरच्याचे पायही लांब झालेत. हिशेब असा करायचा: पूर्वी पल्ला होता शत्रूच्या भारी पायदळाच्या एका चालीइतका, आता दीड चालीइतका. पूर्वी शत्रू पल्ल्यात आला की पुढच्या चालीला अंगावर. आता पल्ल्याच्या कडेला उभा राहिला तर त्याला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो, आणि त्या श्वासात तुम्हाला बाण सोडता येतात. तिरंदाजाचा गुण घोड्यावरच्या माणसाविरुद्ध ४, पायदळाविरुद्ध नुसता २, तेव्हा त्यांना सिकंदराच्या घोडदळासमोर ठेवा. पण मुलांना दुसरी बाजूही सांगा. सिकंदराचा चरित्रकार एरियन लिहितो की हिंदी धनुष्य माणसाएवढं उंच, एक टोक जमिनीला टेकवून डाव्या पायानं दाबून ओढायचं. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी त्या दिवशी चिखल होता; धनुष्य टेकवायलाच जागा नाही, रथही रुतले. टेबलावर पाऊस पाडायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

मोजायला काठी करा, स्केल नको. स्केलवर आकडे दिसले की पोरं मिलिमीटरवरून भांडतात. काठीवर फक्त खाचा असतात. मी अर्ध्या इंची ॲल्युमिनियमच्या पट्टीचा २०० मिमीचा तुकडा घेतला, दर ४० वर त्रिकोणी नीडल फाइलनं खाच मारली, कडा एमरीनं मोडल्या. पाच पाटांची काठी, शर्टाच्या खिशात राहते.

आता कबुली देतो, कारण उद्यमबागेतली मंडळी हे वाचणार आणि नाही दिली तर मला टपरीवर गाठणार. पहिली काठी चुकली. एकतीस वर्षं मी ओतकामाची पॅटर्न केली, म्हणजे ज्यावरून साचा पाडतात ते लाकडी नमुने. आमच्या धंद्यात फूटपट्टी दोन प्रकारची: एक जगाची, एक आमची. बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक, म्हणून आमच्या श्रिंकेज पट्टीवरचा प्रत्येक इंच मुद्दाम तेवढा मोठा काढलेला असतो. लाकडी पॅटर्न त्या पट्टीनं करायचं, म्हणजे ओतीव माल बरोबर मापात उतरतो. तर मी सवयीनं कपाटातली तीच पट्टी उचलली. काठी २०० ऐवजी २०२ झाली. दोन रविवार आमचे तिरंदाज १२० ऐवजी १२१ वर बाण मारत होते आणि समोर बसणारे माझे कन्नड स्नेही, हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालेले, दर वेळी केसभर पुढं वाकून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी ते खिशातून व्हर्नियर घेऊन आले.

पाटही मोजून घ्या. माझे जिगसॉनं कापलेले प्लायचे पाट ४०.६ भरले. एकाला काही नाही, पण बारा ओळीत लावले की सात मिलिमीटर फळी वाढते.

शहापूरची एक कॉलेजकन्या: मला दुसऱ्या पुलकेशीचं सैन्य करायचंय. यादीत 'चालुक्य' नाव सापडत नाही. आणि युआन श्वांगनं लिहिलंय की तिथले हत्ती दारू पिऊन लढायचे, त्याला काही नियम आहे का?

असा प्रश्न आला की सकाळ चांगली जाते. चालुक्य नावानं शोधू नकोस, 'हिंदू इंडियन' नावाच्या यादीत तुझं सैन्य आहे: हत्ती, घोडेस्वार, तिरंदाज, तलवारवाले. इंग्रजांनी हजार वर्षांची सगळी घराणी एका पोत्यात भरलीत. चालुक्य, राष्ट्रकूट, यादव, कुणीही घे, पोतं तेच. याबद्दल मी कुरकुरतो, पण काढणार तरी किती याद्या.

युआन श्वांगनं लिहिलंय ते असं: राजाकडे शेकडो वीर आणि शेकडो हत्ती, लढाईआधी दोघांनाही मद्य पाजायचे, मग ते झुंडीनं तुटून पडायचे, समोर कोणी टिकायचं नाही. दारूचा वेगळा नियम नाही, पण तुटून पडण्याचा आहे. हत्तीनं समोरच्याला मागं रेटलं की तो आपला जागेवर थांबत नाही, पाठलाग करत पुढं जातोच. तुझी इच्छा असो नसो. आमचे गणिताचे मास्तर हत्ती पुढं सरकवताना प्रत्येक वेळी 'आने बंतु' म्हणतात, आला हत्ती! आणि पुढच्या दोन चालींत तो हत्ती एकटाच माझ्या फळीत घुसून उभा असतो, मागं त्याचं कोणी नाही. मग मी दोन्ही अंगांनी हलकं पायदळ सोडतो. हत्तीचा गुण पायदळाविरुद्ध ४, हलक्या विरळ पायदळाचा २. पण अशा हलक्या माणसांकडून हत्ती हरला की तो नुसता मागं सरत नाही, मरतो. मास्तर म्हणतात हे अन्यायाचं आहे. ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्तीनं, शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४ च्या सुमारास, हर्षाचे पडलेले हत्ती बघून हर्षाचाच हर्ष गळाला असा श्लेष केलाय. तो श्लोक मी मास्तरांना प्रत्येक हत्तीमागे एकदा म्हणून दाखवतो.

रंगवताना निशाणावर वराह काढ, ते चालुक्यांचं लांछन. आणि शत्रू हवा असेल तर हर्षाला गाठायला दूर नर्मदेवर जायची गरज नाही. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, आणि कदंबांना चालुक्यांनीच गिळलं. एसटीनं जाऊन ये, मंदिराचा दगड बघ, तोच रंग टेबलावरच्या जमिनीला दे.

कडोलीहून एक वाचक: नव्या पुस्तकात 'फास्ट' आणि 'सॉलिड' असं काय लिहिलंय? आमची पोरं रोज त्यावरनं भांडूलाल्यात. चार माणसांचा पाट आणि तीन माणसांचा पाट, तलवार तीच की.

तलवार तीच, चाल वेगळी. तीन माणसं चिकटवलेला पाट चपळ, तीन पाटरुंद्या चालतो. चार माणसांचा भक्कम, दोनच चालतो. पण चपळ भक्कमाशी भिडला आणि दोघांची बेरीज बरोबर आली तर चपळ मागं सरकतो. तुमची तलवार ५ अधिक फासा ३, समोरची ५ अधिक ३. पूर्वी काहीच झालं नसतं, आता तीनवाला मागं. सहा बाजूंच्या दोन फाशांत बरोबरी छत्तीसात सहा वेळा येते, म्हणजे हे किरकोळ नव्हे. आणखी एक: भक्कम असोत वा चपळ, तलवारवाले आता पायदळाला रेटल्यावर त्याच्या मागं जातात. २.२ मध्ये ते शहाण्यासारखे उभे राहायचे. पोरांची फळी फाटायला लागली असेल तर ती यामुळे. भांडूंदेत.

टिळकवाडीच्या एक आई: मुलगा दहा वर्षांचा. इंटरनेटवर बघून स्वयंपाकघरात गॅसवर शिसं वितळवून शिपाई ओततो. तुम्ही मागे ओतकामाबद्दल कौतुकानं लिहिलं होतं म्हणून विचारते, चालेल ना?

ताई, नाही चालणार. आज बंद करा. मी कौतुकानं लिहिलं ही माझी चूक. ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते फेकून द्या, घासून परत वापरू नका. ओटा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाका. त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा, काय केलं ते स्पष्ट सांगा. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि घरातला गॅस त्याच्या पुष्कळ वर जातो. त्याचा धूर आणि भुकटी लहान मुलांच्या मेंदूला बाधते, थोडी असली तरी. शिवाय साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तर वितळलेला धातू तोंडावर उडतो. तो थेंब माझ्या डाव्या मनगटावर १९८९ पासून आहे.

त्याचा हिरमोड करू नका. दिवाळीच्या किल्ल्यासाठी चिकणमाती आणताच ना? मातीचे शिपाई वळू द्या, अंगठ्याएवढे. ते ६० मिमीच्या पाटावर छान बसतात, आणि मोजपट्टी पाटाची असल्यामुळे नियमाला काही फरक पडत नाही. मोठा झाला की माझ्याकडे पाठवा, बिनशिशाच्या कथिलाचं काम मी स्वतः उभा राहून शिकवीन.

येळ्ळूरहून, 'राजहंसगडाच्या पायथ्याचा एक मावळा': या खेळात शिवाजी महाराजांचं सैन्य घेता येईल का?

या खेळात नाही. पुस्तक १५०० च्या आसपास थांबतं, महाराजांचा जन्म १६३०चा. मधल्या काळात बंदूक आली आणि लढाईचं गणितच फिरलं. त्यासाठी त्याच मंडळींचे डीबीआर म्हणून वेगळे नियम आहेत, १४९४ ते १७०० या काळाचे. पाट तिथंही असतात. एका संपादकानं मला सुचवलं होतं की लोकांना आवडेल तर डीबीएतच मावळे घुसवून टाका. नाही घुसवणार. तिरंदाजाच्या खात्यात तोडेदार बंदूक मांडली की जो खोटा हिशेब होतो तो महाराजांच्या नावावर कशाला?

चिकोडीहून, नाव नाही: फासा पाटाला टेकून तिरका राहिला तर कोणता आकडा धरायचा?

कुठलाच नाही. परत टाकायचा. आमच्याकडे भांडण नको म्हणून जुन्या पोळपाटाला कडेनं पट्ट्या ठोकल्यात, फासा त्यातच टाकायचा. बाहेर पडला तर परत. मास्तरांचा बाहेर पडलेला सहा आणि माझा बाहेर पडलेला एक, दोन्ही परत.